माझा कागद आणि सियोनचा कागद

१९९७च्या मे महिन्यात आम्हा दोघी बहिणींना एकाच डॉक्टरनं, एकाच टेबलावर, एकाच सकाळी दोन वेगळी नावं दिली. मी अकरा वर्षांची होते, सियोन सात. इलोइलोहून जहाजानं मनिलाला जायला तेव्हा जवळजवळ अख्खा दिवस लागायचा. सियोननं तो सगळा वेळ कठड्याच्या लोखंडाला कान लावून काढला. मी प्रवाशांना जहाजाची लांबी, वजन आणि बांधणीचं साल सांगत फिरत होते. कुणी विचारलं नव्हतं.

डॉक्टरनं माझ्याशी तासभर गप्पा मारल्या. सियोनसमोर ठोकळे ठेवले, तिनं ते हुंगले आणि खाली ठेवले. माझ्या कागदावर लिहून आलं, अस्पर्जर सिंड्रोम. सियोनच्या कागदावर, ऑटिस्टिक डिसऑर्डर, तीव्र, बुद्धी कमी. नानायनं, म्हणजे आमच्या आईनं, दोन्ही कागद एका प्लास्टिकच्या पाकिटात घातले आणि आमच्या गावी, मियागाओला परतल्यावर देव्हाऱ्यात बाळ येशूच्या मूर्तीमागं ठेवून दिले.

त्या दिवसापासून आमच्या घरात दोन वेगळ्या मुली वाढल्या. शाळेत पोरं मला ‘अबनॉय’ म्हणायची, म्हणजे डोक्यानं अर्धी. मी त्यांना शांतपणे सांगायचे, तो शब्द चुकीचा आहे, माझं नाव अस्पर्जर आहे आणि तुमच्यापैकी कुणाला त्याचं स्पेलिंगही येणार नाही. कॉलेजच्या ग्रंथालयात मी डॉक्टर ज्यावरून अशी नावं ठरवतात ते जाडजूड पुस्तक काढून वाचलं. त्या काळच्या नियमानं आमच्यातली मोठी भिंत एकच होती: मी वेळेवर बोलायला लागले होते, सियोन कधीच बोलली नव्हती. त्या भिंतीला मी पुढं पंधराएक वर्षं पाठ टेकून बसले.

मी कोर्टात लघुलेखक झाले. साक्षीदार जे बोलतो ते शब्दन् शब्द उतरवून घ्यायचं. तो का बोलतो, खरं बोलतो का, हे ओळखायची जबाबदारी न्यायाधीशांची. माझ्यासारखीला याहून चांगलं काम नाही. सोमवार ते शुक्रवार इलोइलो शहरात खोली, शनिवारी दुपारी घर. घरी गेले की सियोन दिसायची, पण मी तिच्याकडं बघायचे ते घरातल्या कपाटाकडं बघतात तसं. हे लिहायला मला बरं वाटत नाही, पण नोंद खरी हवी.

२०१९च्या फेब्रुवारीत नानाय कपडे धुताना घसरली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, ती पुढच्या खोलीत खाटेवर पडली, आणि मी महिनाभर रजा काढून घरी आले. त्यातच सियोनच्या दिव्यांग कार्डाची मुदत संपली होती. नगरपालिकेतल्या बाईंनी सांगितलं, १९९७चा कागद आता चालायचा नाही, नवं वैद्यकीय प्रमाणपत्र आणा. म्हणून देव्हाऱ्यातलं पाकीट काढलं आणि सियोनला घेऊन शहरात डॉक्टर सोलिदोन यांच्याकडं गेले.

जीपनीत, म्हणजे आमच्याकडच्या वडापच्या लांब जीपमध्ये, सियोन डोक्यावर टॉवेल घेऊन बसली होती आणि एका सुरात गुणगुणत होती. लोक बघत होते. मी तिच्यापासून एक माणूस सोडून बसले. दवाखान्यात नर्सनं विचारलं, तुम्ही यांच्या कोण? मी म्हणाले, सोबत आलेय.

डॉक्टर सोलिदोन पन्नाशीच्या, बुटक्या, आवाज बारीक. आम्ही आत गेल्या गेल्या त्यांनी सियोनकडं बघितलं आणि उठून छतावरची ट्यूबलाइट बंद केली. सियोनचं गुणगुणणं थांबलं. माझेही खांदे खाली आले. ते मला जाणवलं, पण तेव्हा मी त्याचा काही अर्थ लावला नाही.

पाकिटातून त्यांनी दोन्ही कागद बाहेर काढले. माझा कागद त्यात आहे हे माझ्या ध्यानातच नव्हतं.

“फ्लोर्देलिस कोण?”

“मी. पण माझा संबंध नाही. माझं वेगळं आहे.”

त्यांनी दोन्ही कागद शेजारी शेजारी ठेवले, कडा जुळवल्या, आणि म्हणाल्या, “आज तुम्ही दोघी लहान असता, आणि मी लिहीत असते, तर दोन्ही कागदांवर एकच नाव आलं असतं.”

मी म्हणाले की हे चूक आहे. मग पुस्तकातलं पान, परिच्छेद, वाक्य त्यांना तोंडपाठ म्हणून दाखवलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग सांगितलं, ते पुस्तक बदललं, २०१३ साली. अस्पर्जर, ऑटिस्टिक डिसऑर्डर आणि ज्यांचं नेमकं कुठंच बसेना त्यांच्यासाठीचं तिसरं एक लांबलचक नाव, ही सगळी मिळून आता एकच नाव आहे, ऑटिझम स्पेक्ट्रम. कारण असं दिसून आलं की तेच मूल एका दवाखान्यात गेलं तर एक नाव घेऊन यायचं आणि दुसऱ्या दवाखान्यात गेलं तर दुसरं. फरक मुलात कमी आणि रेघ मारणाऱ्याच्या हातात जास्त होता. आता बघायचं ते दोनच बाजूंनी: माणसांशी देणंघेणं, बोलणं कसं चालतं, आणि तेच तेच करणं, ठरलेलं लागणं, आवाज-उजेड-स्पर्श कसे लागतात. त्यापुढं लिहायचं, मदत किती लागते, पहिली पातळी, दुसरी की तिसरी. बोलता येतं का, बुद्धीचं काय, हे वेगळ्या ओळीत.

“म्हणजे मी पहिली आणि ती तिसरी,” मी म्हणाले. “नावं बदलली, भिंत तीच.”

“पातळी माणसाची नसते, मिस. मदतीची असते. आणि मदत दिवसागणिक बदलते.”

मला ते पटलं नाही. मी विचारलं, मग माझा शब्द गेला? बावीस वर्षं मी तो वापरतेय. त्या म्हणाल्या, कागदावरून गेला, कागद आम्हा डॉक्टरांचा असतो. तोंडात ठेवायचा का ते तुम्ही ठरवा, कितीतरी लोक ठेवतात.

मग त्यांनी कामाचं सांगितलं. प्रमाणपत्रासाठी सियोनचा रोजचा दिवस कसा जातो हे त्यांना हवं होतं. नानाय अंथरुणाला, तेव्हा ते मीच लिहायचं. माझं काम काय ते त्यांनी विचारून घेतलं. “तुम्ही कोर्टात लिहिता तसं लिहा,” त्या म्हणाल्या. “काय झालं, किती वाजता झालं. का झालं ते लिहू नका.”

मी होकार दिला, आणि खरं सांगायचं तर मनात दुसरंच होतं. अशी चोख नोंद लिहायची की भिंत कुणालाही दिसावी. माझा कागद मला माझ्या नावानिशी परत हवा होता.

दुसऱ्या दिवशी पहाटेपासून वही घेऊन बसले. ५.१० उठली. ५.११ दाराच्या चौकटीला दोन्ही तळहात लावले, आधी डावा. ५.४० भात, वेगळ्या वाडग्यात. माशाचा रस्सा भाताला लागला तेव्हा वाडगा बाजूला सारला. ६.०५ उजव्या कानाजवळ बोटं हलवली, चार मिनिटं. आंघोळ घालायला मदत लागली. पाणी गार असल्यानं ओरडली. रस्त्याकडं निघाली, हात धरून आणावं लागलं. तिला रस्ता ओलांडायची अक्कल नाही. ‘अक्कल नाही’ खोडलं, ‘ओलांडता येत नाही’ लिहिलं.

तिसऱ्या दिवशी जेवताना मी लिहीत होते की ती भात वेगळ्या वाडग्यात खाते, आणि माझ्यासमोरही भाताचा वेगळा वाडगा होता. मला रस्सा भाताला लागलेला चालत नाही. ते मी नीटनेटकेपणा म्हणून समजत आले होते. ती कानाजवळ बोटं हलवत होती तेव्हा माझ्या डाव्या हाताची बोटं मांडीवर लघुलिपीतली चिन्हं काढत होती. ती दिवसभर काढत असतात, झोपेतसुद्धा काढतात असं कॉलेजच्या होस्टेलात माझ्या खोलीत राहणारी पोरगी सांगायची. मी वही मिटली. मग उघडली, आणि पानाच्या उजव्या कडेला एक बारीक रेघ ओढून दुसरा रकाना केला. त्यावर माझं नाव लिहिलं. साक्षीदार दोन असले तर दोघांचं उतरवून घ्यावं लागतं.

तरी हे लहानसहान होतं. मोठं काय ते दुसऱ्या आठवड्यात समोर आलं, आणि मला ते कळायला अकरा दिवस लागले, कारण मी रोज लिहीत होते पण वाचत नव्हते.

सियोनला खिडक्या बंद करायचं वेड आहे, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक. भर उन्हाळ्यात, घामाच्या धारा लागलेल्या असताना ती उठून खिडकी लावायची. लहानपणी यासाठी तिनं नानायच्या चपलेचा मार खाल्लाय. वहीत त्या नोंदी होत्याच: ९.१६ खिडकी लावली. १०.४२ खिडकी लावली. २.३० खिडकी लावली. त्या रविवारी दुपारी मी मागची पानं चाळली आणि उजव्या रकान्यात, माझ्या नावाखाली, मीच लिहिलेलं दिसलं. ९.१७ फुटक्या सायलेन्सरची ट्रायसिकल रिक्षा गेली, कान दाबले. १०.४३ शाळेच्या बँडचा सराव सुरू. २.३१ जाहिरातीची लाउडस्पीकरची गाडी.

मी पट्टी घेऊन बसले आणि जोड्या लावल्या. अकरा दिवसांत खिडकी लावल्याच्या एकोणतीस नोंदी. त्यातल्या सव्वीस नोंदींनंतर मिनिटाच्या आत तोच आवाज, जो मला सुईसारखा टोचतो.

पहिला विचार आला तो साधा: तिलाही ते आवाज टोचतात, म्हणून ती लावते. पण मग ती स्वतः अंगणात असताना आत येऊन का लावायची? मी चाचणी घेतली. दोन दिवस बसायची जागा बदलत राहिले. मी स्वयंपाकघरात बसले की ती स्वयंपाकघराची खिडकी लावायची. मी मागच्या खोलीत गेले की मागच्या खोलीची. मी परसात शेवग्याखाली जाऊन बसले तेव्हा ती दारात आली, खिडक्यांकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि तशीच उभी राहिली. परसाला खिडकी नाही. पुलावरून ट्रायसिकल वर चढल्याचा आवाज मला चाळीस सेकंदांनी आला. मी कान दाबले. सियोन दारातल्या दारात पुढं-मागं झुलत राहिली, ट्रायसिकल जाईपर्यंत.

मी नानायच्या खाटेपाशी गेले आणि विचारलं, मी नसते तेव्हा सियोन खिडक्या लावते का?

नानायनं उशीवरून मान वळवली. मग म्हणाली, “नाही गं, इंदाय, पोरी. तू सोमवारी गेलीस की शनिवारपर्यंत खिडक्या सताड उघड्या. मला वाटायचं, तू आलेली तिला आवडत नाही. घुश्शात लावते.”

मी भिंतीला टेकून खाली बसले. नोंदीत ते ३.५२ असं आहे, पुढं काही लिहिलेलं नाही.

सियोन सहा-सात वर्षांची असल्यापासून हे करत होती. मी अभ्यास करत असताना, मी जेवत असताना, मी तापात पडलेली असताना. कुणी तिला सांगितलं नव्हतं, कुणी शाबासकी दिली नव्हती, उलट चपलेनं मारलं होतं, आणि ती पुढच्या वेळी पुन्हा उठून लावत होती. ज्या मुलीबद्दल पुस्तकात लिहिलं होतं की दुसऱ्याच्या मनाचा तिला पत्ता नसतो, तिनं माझ्या कानांचा पत्ता बावीस-तेवीस वर्षं लावून ठेवला होता. आणि मी, जिची भाषा वेळेवर आली, जी न्यायालयात शब्दन् शब्द टिपते, मला तिच्या बाबतीत साधी एक गोष्ट ठाऊक नव्हती. मी वर बघितलं. ती खाटेच्या दांडीला तळहात लावून उभी होती, आधी डावा. मला वाटलं, आपण आयुष्यभर डोंगराच्या पायथ्याशी राहिलो आणि कधी मान वर केली नाही.

तिचे आभार कसे मानायचे ते मला कळेना. मी तिच्यासाठी तेच करून बघितलं. चर्चच्या मायक्रोफोनची शिट्टी तिला सोसत नाही, हे माझ्या वहीत होतं. म्हणून सहाच्या प्रार्थनेआधी मी खिडकीपाशी जाऊन थांबले. सलग चार दिवस मी उशिरा पोचले. तिला शिट्टी माझ्या आधी ऐकू यायची, टॉवेल डोक्यावर गेलेला असायचा.

चार आठवड्यांनी आम्ही पुन्हा शहरात गेलो. जीपनीत मी तिच्या शेजारी बसले, खिडकीच्या बाजूला ती आणि लोकांच्या बाजूला मी. एका बाईनं विचारलं, आजारी आहे का? मी म्हणाले, बहीण आहे. प्रश्नाचं ते उत्तर नव्हतं, पण बाईला ते पुरलं.

डॉक्टर सोलिदोन यांनी एकतीस पानं वाचली. टाइप करून नेली होती. खिडक्यांच्या पानाशी त्या थांबल्या, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं. सियोनच्या प्रमाणपत्रावर त्यांनी लिहिलं: ऑटिझम स्पेक्ट्रम, मदतीची पातळी तिसरी, बोलणं नाही. बुद्धीची ओळ त्यांनी मोकळी सोडली. म्हणाल्या, १९९७ची परीक्षा अशी होती की तोंडानं उत्तर दिलं नाही तर शून्य. ती मी पुढं चालवणार नाही. चित्रांनी तपासू, सावकाश.

मग मी मागितलं, “माझाही नवा करा.”

त्यांनी दोन तास प्रश्न विचारले, मी उत्तरं दिली. माझ्या कागदावर तेच नाव आलं. पातळी पहिली.

“आज, या खोलीत, दिवा बंद असताना,” त्या म्हणाल्या. “बाजारात, ट्यूबलाइटखाली, बँड वाजत असताना मला पुन्हा विचारा.”

मी उठले तेव्हा त्यांनी हातानं थांबवलं. “एक सांगते. खिडक्यांचं वाचून मला भरून आलं. पण तिनं एकही खिडकी लावली नसती, तरी मी हेच नाव लिहिलं असतं आणि तिला हाच मान दिला असता. ती चांगली निघाली म्हणून तुमची बहीण झाली, असं नको.”

हे वाक्य मी जीपनीत बसल्या बसल्या मांडीवर बोटांनी तीनदा लिहिलं. अजून अधूनमधून लिहिते. पहिल्यांदा राग आला होता, मग लाज वाटली.

घरी नानायला दोन्ही कागद वाचून दाखवले. तिनं हातात घेतले, उलटसुलट बघितले. मग म्हणाली, मनिलाहून परत येताना जहाजावर तिनं मनाशी वाटणी करून टाकली होती: सगळी आशा माझ्या वाट्याला, सगळी काळजी सियोनच्या. “तुझी कधी काळजी केली नाही मी,” ती म्हणाली. “आणि हिच्याबद्दल कधी आशा धरली नाही. दोघींचंही अर्धंच केलं.” मी तिला सांगितलं की उरलेलं आता करता येईल, तिचं हाड जुळतंय, वय अडुसष्टच आहे. ती हसली. मी विनोद केला नव्हता.

शेजारच्या नांग बेबिंग, म्हणजे बेबिंगताई, भोपळ्याची भाजी घेऊन आल्या आणि कागदांचं ऐकून खुर्चीत बसल्या. “म्हणजे आता तू पण सियोनसारखी का गं?”

“हो.”

“पण तू तर कोर्टात आहेस.”

“कोर्टात बसायला मदत कमी लागते. तुमच्याशी बोलायला जास्त लागते.”

नांग बेबिंगनी नानायकडं बघितलं. नानायनं भाजीचं झाकण उघडून वास घेतला आणि मीठ बरोबर आहे असं म्हणाली.

जूनमध्ये सियोनला चित्रांचा फळा मिळाला. आठवड्यातून एकदा एक शिक्षिका यायची. पाणी, भात, दुखतंय, संडास, बाहेर, पुरे, अशी चित्रं लाकडी फळ्यावर चिकटवलेली, काढून हातात देता येतील अशी. शिक्षिकेनं आधीच सांगितलं की घाई करू नका, कदाचित वर्ष जाईल, कदाचित काहीच होणार नाही. दोन महिने सियोननं ती चित्रं फक्त हुंगली. मी शनिवारी यायचे, माझी मी चित्रं उचलून नानायला द्यायचे, तिच्यासमोर. पाणी. नानाय पाणी द्यायची. भात. भात यायचा. मला ते बोलण्यापेक्षा सोपं वाटायला लागलं.

ऑगस्टमधल्या एका शनिवारी, दिवेलागणीला, नानाय काठी घेऊन खुर्चीत बसून जपमाळ म्हणत होती. मोडलेलं हाड बरं झालं तर रोज दोन माळा म्हणीन असा तिनं नवस केला होता, आणि ती दुसऱ्या माळेच्या मध्यावर होती. मोठ्यानं म्हणायची तिची सवय. सियोन जमिनीवर बसून झुलत होती. ती उठली, फळ्यापाशी गेली, बराच वेळ उभी राहिली. मग एक चित्र काढलं, चालत आली आणि ते नानायच्या हातात, माळेवर ठेवलं.

पुरे.

नानाय चित्राकडं बघत राहिली. सियोनचं वय तेव्हा एकोणतीस. आयुष्यात पहिल्यांदा तिनं घरातल्या कुणाला काहीतरी सांगितलं होतं, आणि त्याला नकार देणं आम्हा दोघींना शक्य नव्हतं. नानायनं माळ बाळ येशूच्या पायाशी ठेवली, हळूच म्हणाली, “माफ कर रे बाळा, सियोन म्हणतेय पुरे,” आणि तोंडावर हात धरून बसली. ती रडतेय की हसतेय ते मला चेहऱ्यावरून ओळखता येत नाही, पण खांदे हलत होते.

सियोन परत आपल्या जागी जाऊन बसली. मीही जमिनीवर बसले, थोडं अंतर ठेवून. त्या शांततेत मला आधी घड्याळ ऐकू आलं, मग छपरावरची पाल, मग खूप लांबून समुद्र. माझे कान तेवढ्यावर संपले. ती मात्र डोळे मिटून, मान किंचित कलती करून अजून ऐकत होती.